३३ केव्ही आयसोलेटर: जंपर जोडल्यापासून आर फेजचा ब्लेड उशिरा लागतो, पाइप कमी करू का?

यार्डातली_नवी

नमस्कार. मी कनिष्ठ अभियंता आहे, सब-स्टेशनच्या उभारणीवर येऊन आठ महिने झाले. एका नव्या ३३ केव्ही बेमध्ये (एका लाइनच्या उपकरणांच्या जागेत) दोन आयसोलेटर, म्हणजे कामासाठी मार्ग दिसेल असा तोडणारे स्विच, बसवतोय, एक बसच्या (सगळ्या लाइनना जोडणाऱ्या मुख्य वाहकाच्या) बाजूचा आणि एक लाइनच्या बाजूचा. दोन्ही ८०० अँपिअरचे, डबल ब्रेक, मधला पोस्ट (इन्सुलेटरचा खांब) फिरणारा, हँडलने चालवायचे. लाइनच्या बाजूच्याला अर्थ स्विच (लाइन जमिनीला जोडणारा) आहे. शेजारचे बे चालू आहेत, आमचा अजून चार्ज व्हायचा आहे, म्हणजे वीज सोडायची आहे.

मागच्या आठवड्यात तिन्ही फेजचे पोल ॲडजस्ट केले, त्यांना एकत्र चालवणारा टँडम पाइप जोडला, दहा-बारा वेळा उघडझाप केली. तिन्ही ब्लेड एकदम आत जात होते. परवा जंपर (आयसोलेटर पुढच्या उपकरणाला जोडणाऱ्या तारा) जोडले. आता लाइनच्या आयसोलेटरमध्ये वाय आणि बी फेजचे ब्लेड कॉन्टॅक्टमध्ये बसतात तेव्हा आरचा ब्लेड बोटभर बाहेर असतो, आणि हँडलला शेवटी जोर लावावा लागतो. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स घेतला: आर १४८, वाय ६१, बी ६४ मायक्रोओहम.

फिटरकाका म्हणतात, आरच्या बाजूचा पाइप दोन आटे कमी करू, ब्लेड पुढे येईल, काम झालं. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण मला हे पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये. चार दिवसांनी चार्जिंग आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कॉन्टॅक्टला ग्रीस किती लावायचं? कुणी म्हणतं भरपूर, कुणी म्हणतं अजिबात नको. आणि दुसरी: ब्रेकर उघडलेला आहे, आयसोलेटर उघडून कुलूप लावलं आहे, इंडिकेटरवर ‘ओपन’ दिसतंय, तरी डिटेक्टरने (व्होल्टेज असेल तर वाजणाऱ्या यंत्राने) तपासून अर्थ लावायचा, हे पुस्तकात वाचलं आहे. पण गडबडीत डिटेक्टर गाडीतच राहिलेला मी दोनदा पाहिला आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का?

टेस्टिंग_बेंच

बोलायला हवं होतं. बाकी त्यावर कुणीतरी सविस्तर लिहील, मी फक्त आकड्यांचं सांगतो.

१४८ हा आकडा घेऊन चार्ज करू नका. ८०० अँपिअरला हिशेब करा: करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. वायमध्ये साधारण ३९ वॅट उष्णता, आरमध्ये ९५ वॅट. जास्तीचे ५६ वॅट बहुतेक एकाच जागी, एका जबड्याच्या (ब्लेड ज्यात बसतो त्या स्थिर कॉन्टॅक्टच्या) दोन-चार बोटांवर निघणार. चांदीचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टला हवेत १०५ अंशांपर्यंत मुभा असते, म्हणजे बाहेर ४० अंश असताना ६५ अंशांची वाढ. तुमचा आर फेज ती मुभा कधी खाऊन टाकेल ते कळणारही नाही. कॉन्टॅक्ट तापला की स्प्रिंगचा ताण उतरतो, ताण उतरला की रेझिस्टन्स वाढतो, आणि मग तो आणखी तापतो.

डबल ब्रेकमध्ये प्रत्येक फेजला दोन कॉन्टॅक्ट एकामागे एक असतात हे ध्यानात घ्या. तुम्ही टर्मिनल ते टर्मिनल मापलं आहे. आता दोन्ही टोकं वेगवेगळी मापा: स्थिर कॉन्टॅक्टच्या मुळापासून ब्लेडपर्यंत, एकदा लाइनच्या बाजूला, एकदा ब्रेकरच्या बाजूला. करंटच्या तारा बाहेर, व्होल्टेजच्या तारा आत, आणि व्होल्टेजचे चिमटे करंटच्या क्लॅम्पवर लावू नका, नाहीतर क्लॅम्पचाच रेझिस्टन्स मापून बसाल. निदान ५० अँपिअर तरी सोडा, १०० असेल तर उत्तम. मल्टिमीटरने हे काम होत नाही. मापताना अर्थ काढून टाकायचा मोह होतो; एका बाजूचा अर्थ राहू द्या, आकड्यात फरक पडण्याइतकं काही बिघडत नाही.

कुठल्या टोकाला आकडा चढलाय ते कळलं की अर्धं निदान झालं.

जुना_मेंटेनन्स

ताई, पाइपाला हात लावू देऊ नका.

आठवडाभरापूर्वी तिन्ही ब्लेड बरोबर लागत होते. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे जंपर. मग दोष पाइपात कुठून येईल? तुम्हाला जे पटत नव्हतं ते हेच. ब्लेड जागच्या जागी आहे, त्याची बसायची जागा सरकली आहे.

डबल ब्रेकमध्ये मधला पोस्ट फिरतो आणि बाहेरचे दोन पोस्ट स्थिर कॉन्टॅक्ट घेऊन उभे असतात. जंपर बांधला जातो तो याच बाहेरच्या पोस्टच्या डोक्यावर. जंपर आखूड असला किंवा तिरका ओढत असला तर पोस्टचं डोकं त्या दिशेला झुकतं. खाली बेसपाशी थोडंसं हललं तरी वर ते कितीतरी पट दिसतं, कारण पोस्टची उंची तेवढी आहे. जबडा बाजूला सरकला की ब्लेडचं टोक मध्ये जायच्या ऐवजी एका गालाला घासत जातं. हँडलला शेवटी जो जोर लागतोय तो याचा. आणि एका बाजूच्या बोटांवर दाब, दुसऱ्या बाजूची बोटं जेमतेम टेकलेली, म्हणून १४८.

पाइप दोन आटे कमी केला तर काय होईल तेही सांगतो, म्हणजे फिटरकाकांशी बोलता येईल. ब्लेड थोडा पुढे जाईल, तिन्ही एकदम लागल्यासारखे दिसतील. पण आयसोलेटर पूर्ण बंद झाला की त्याचा लिंक सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसतो, त्याला आपण डेड सेंटर म्हणतो. तो तिथे का नेऊन ठेवला आहे? फॉल्टच्या वेळी हजारो अँपिअर वाहतात तेव्हा ब्लेडला उघडायला लावणारा धक्का बसतो. लिंक डेड सेंटरच्या पलीकडे असेल तर तो धक्का लिंकला आणखी घट्ट बसवतो. अलीकडेच राहिला असेल तर तोच धक्का ब्लेड उघडतो. आटे फिरवताना ही जागा चुकली तर बंद असताना डोळ्यांना सगळं ठीक दिसेल आणि ज्या दिवशी फॉल्ट येईल त्या दिवशी आरचा ब्लेड उडेल. पोस्ट झुकलेला तो झुकलेलाच राहील, सिमेंटच्या सांध्यावर रोज ताण. मग एखाद्या थंडीच्या सकाळी उघडताना तो पोस्ट मुळातून तुटायचा, आणि तेव्हा खाली हँडलपाशी माणूस उभा असणार.

खात्री करायची असेल तर सोपं आहे. शटडाऊन, पर्मिट, अर्थ. बे अजून चार्ज नाही म्हणून अर्थ नको असं समजू नका. शेजारचे बे चालू आहेत, त्यांच्या इंडक्शनने मोकळ्या तारेवर माणसाला झटका देऊन शिडीवरून पाडण्याइतकं व्होल्टेज सहज येतं. मग आरच्या बाहेरच्या पोस्टला ओळंबा लावा, डोकं किती झुकलंय ते लिहून घ्या. जंपरचा क्लॅम्प सैल करा, पुन्हा ओळंबा बघा, आणि आयसोलेटर चालवून बघा. ब्लेड बरोबर गेला तर विषय संपला. नवा जंपर कापा, त्याला स्वतःच्या वजनाने झोळ पडू द्या. क्लॅम्प आवळून तार ‘पुरवून’ घेणं हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की काही विचारू नका. दुसऱ्या बाजूला पाइपबस असेल तर तिथला सरकता क्लॅम्प खरोखर सरकतो का तेही बघा. दहा मीटर ॲल्युमिनियमचा पाइप ४० अंशांनी तापला तर नऊ मिलिमीटर वाढतो, आणि ती वाढ कुठे जायची ते आपण ठरवलं नाही तर पोस्ट ठरवतो.

बसवण्याचा क्रम मी असा शिकलो, आणि तो कधी मोडला नाही: आधी स्ट्रक्चर लेव्हलमध्ये, मग बेस, मग पोस्ट उभे सरळ, उंचीत फरक असेल तर शिम (खाली सरकवायचा पातळ पत्रा) इथेच, मग प्रत्येक पोल एकेकटा ॲडजस्ट. टँडम पाइप त्यानंतर, डाऊन पाइप आणि हँडल त्यानंतर, स्टॉपर सगळ्यात शेवटी. आणि जंपर जोडून झाले की हे सगळं पुन्हा एकदा तपासायचं. लोक जंपरच्या आधी तपासून सही करतात. जंपर जोडल्यावरचा आयसोलेटर हा वेगळा आयसोलेटर असतो, सही त्याच्यावर हवी.

ग्रीसचं थोडक्यात. चांदीच्या कॉन्टॅक्टवर पातळ थर, बोटाने पुसल्यावर राहील तेवढाच, आणि कंपनीने सांगितलेलंच ग्रीस. जाड थापलं की धूळ धरतं, दोन वर्षांत त्याची वाळलेली पुटं होतात. चांदी काळी पडली म्हणून पॉलिश पेपर लावू नका. मुलामा काही मायक्रॉनचा असतो, दोन वेळा घासला की तांबं उघडं पडतं. स्वच्छ कापड आणि सॉल्व्हंट पुरे. चालताना कॉन्टॅक्ट स्वतःच घासून साफ होतो, म्हणून शटडाऊन मिळाला की चार-पाच वेळा चालवून घ्यावा. ॲल्युमिनियमचा क्लॅम्प मात्र वेगळा. त्याच्यावर ऑक्साइड क्षणात चढतं, म्हणून तो कंपाउंड लावून त्या कंपाउंडखालीच तारेच्या ब्रशने घासायचा आणि लगेच टॉर्क रेंचने आवळायचा. तांब्याला ॲल्युमिनियम जोडत असाल तर मध्ये बायमेटल पट्टी, आणि जमेल तिथे ॲल्युमिनियम वर, तांबं खाली. तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमला खातं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो मला या सगळ्यात मोठा वाटतो.

नोकरीला लागून मला नऊ वर्षं झाली होती. एका ३३ केव्ही ब्रेकरच्या बसच्या बाजूच्या टर्मिनलवर काम होतं. बस चालू ठेवायची, बसचा आयसोलेटर उघडायचा, ब्रेकर आणि आयसोलेटर यांच्यामधला तुकडा मोकळा करायचा, एवढंच. पावसाळी पहाट, झिमझिम चालू. ब्रेकर उघडलेला, अँमीटरवर तिन्ही फेज शून्य. आयसोलेटरचं हँडल मीच फिरवलं. पूर्ण फिरलं, नेहमीसारखं, कुठे अडखळलं नाही. इंडिकेटरवर ‘ओपन’. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. हँडलपाशी उभं राहून वर पाहिलं तर आर आणि वायचे ब्लेड उघडे दिसत होते. बीचा ब्लेड सीटीच्या (करंट मापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) मागे येत होता. दोन उघडले म्हणजे तिसराही उघडलाच, असं मी धरून चाललो.

माझे त्या वेळचे वरिष्ठ डिटेक्टरशिवाय शिडी लावू देत नसत. आधी त्यांनी डिटेक्टर चालू बसच्या जवळ नेऊन वाजतो का ते पाहिलं. मग आर, गप्प. वाय, गप्प. बीला नेला आणि तो ओरडला. आमच्यातला एक जण म्हणाला, शेजारच्या बेचं इंडक्शन असेल. मलाही तसंच वाटलं. वरिष्ठ काही बोलले नाहीत, सीटीला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथूनच हात वर करून आम्हाला थांबवलं.

बीचा ब्लेड पूर्ण बंद, म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये लागलेलाच होता. टँडम पाइपाच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला झाला होता, पाइप क्लॅम्पच्या आत नुसता घसरला. दोन पोल चालले, तिसरा जागचा हलला नाही. हँडलला तर आधीपेक्षा हलकं जाणवलं असणार, पण ते मला कळलं नाही. ३३ केव्ही त्या टर्मिनलवर तसंच उभं होतं, आणि त्या टर्मिनलवर चढायचं होतं मला.

तेव्हापासून मी एक धरून बसलोय. इंडिकेटर हँडल कुठे आहे ते सांगतो, ब्लेड कुठे आहे ते ब्लेडच सांगतो. तिन्ही ब्लेड, एकेक, स्वतःच्या डोळ्यांनी, जिथून दिसतील तिथे जाऊन. त्या आयसोलेटरच्या प्रत्येक क्लॅम्पमधून आम्ही नंतर आरपार पिन घातली, म्हणजे बोल्ट सैल झाला तरी पाइप आत घसरणार नाही. तुमच्या नव्या आयसोलेटरला अशी पिन किंवा आरपार बोल्ट आहे का, तो प्रत्यक्ष बसवला आहे का, ते उद्याच बघा. पुष्कळदा तो पिशवीत तसाच पडलेला असतो, ‘ॲडजस्टमेंट फायनल झाल्यावर मारू’ म्हणून.

आयसोलेटरच्या उघड्या अंतरावर एवढा भर का, याच्यामागे एक सुंदर विचार आहे. ३६ केव्ही वर्गाच्या आयसोलेटरला विजेच्या कडकडाटासारखा इम्पल्स जमिनीकडे १७० केव्ही सोसावा लागतो, पण उघड्या ब्लेडच्या अंतरावर १९५ केव्ही. पॉवर फ्रिक्वेन्सीला ७० आणि ८०. म्हणजे बाहेरून सर्ज आलाच तर तो पोस्टवरून जमिनीत उतरावा, पण अंतर ओलांडून पलीकडे काम करणाऱ्या माणसाकडे जाऊ नये, असं ते जाणूनबुजून बनवलेलं असतं. ब्लेड अर्धवट उघडला असेल तर हा सगळा विचार वाया.

आणि तिन्ही ब्लेड उघडे दिसले तरी तपासायचं. पलीकडच्या टोकाने लाइन बॅकफीड होऊ शकते, केबल असेल तर तिच्यात चार्ज राहतो, समांतर लाइनचं इंडक्शन येतं. डिटेक्टर आधी वाजतो का ते बघून मग तपासा, आणि तपासून झाल्यावर पुन्हा वाजतो का ते बघा. मधेच बॅटरी संपलेला डिटेक्टरही गप्पच असतो. अर्थ लावताना आधी जमिनीचं टोक, मग फेजचं. काढताना उलट. लाइनचा अर्थ स्विच टाकला तरी कामाच्या जागी, दिसेल असा, आपला वेगळा अर्थ लावा.

हँडलबद्दलही. पेटीसमोर जमिनीत अर्थ मॅट असते, तिची वेणी हँडलला जोडलेली असते. उभं राहायचं ते तिच्यावरच. चालवताना पोस्ट तुटला आणि पाइपातून व्होल्टेज खाली आलं, तर हात आणि पाय एकाच पोटेन्शियलवर राहावेत म्हणून ती आहे. मॅटच्या बाहेर एक पाय टाकून हँडल मारणाऱ्याला मी आजही ओरडतो. हातमोजे घालाच, पण मॅटला पर्याय म्हणून नव्हे. आणि हात लावण्याआधी वर बघा: पोस्टला तडा आहे का, सिमेंटचा सांधा उकललाय का. असेल तर तो आयसोलेटर चालू स्थितीत चालवायचाच नाही, मागून बस बंद करून घ्यायची.

उघडताना ब्रेकर, मग लाइनचा आयसोलेटर, मग बसचा. लावताना बसचा, लाइनचा, ब्रेकर. चुकून ब्रेकर लागलेला राहिला असेल तर आर्क लाइनच्या आयसोलेटरवर होईल आणि तोच ब्रेकर ट्रिप होऊन ती तोडेल. बसच्या आयसोलेटरवर झाली तर सगळी बस जाईल. इंटरलॉक हे होऊ देत नाही, म्हणून तर इंटरलॉक बायपास करणाऱ्याला मी माफ करत नाही. आयसोलेटर अर्धा अँपिअरच्या वर तोडायला बनवलेलाच नाही, त्याच्या व्याख्येतच ते आहे.

डिटेक्टर गाडीत राहिला तर काम थांबवा. तुम्ही वयाने लहान आहात, नव्या आहात, तरी थांबवा. ‘सर, मी गाडीतून घेऊन येते’ एवढं म्हटलं तरी पुरतं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. माझ्या वेळी कुणीतरी थांबवलं होतं.

जीआयएस_वाला

वरचं वाचून मला लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे ब्लेड दिसतच नाही. जीआयएस म्हणजे सगळं एसएफ-६ वायू भरलेल्या बंद डब्यात. काही ठिकाणी बघायची काच असते, टॉर्च मारून ब्लेड दिसतो. जिथे ती आहे तिथे आम्ही ती वापरतोच. नसेल तिथे इंडिकेटरवरच अवलंबून राहावं लागतं. म्हणून अशा उपकरणांच्या इंडिकेटरला आयईसी ६२२७१-१०२ या आंतरराष्ट्रीय मानकात वेगळी चाचणी आहे. ब्लेड अडकवून ठेवून ड्राइव्हला जोर लावतात आणि तरीही इंडिकेटर खोटं बोलत नाही ना ते बघतात. तुमच्या यार्डातल्या मोटरवाल्या आयसोलेटरलाही त्याच मानकातली एक अट लागू आहे: ऑक्झिलरी कॉन्टॅक्टने ‘उघडा’ असा सिग्नल द्यायचा तो अंतर निदान ८० टक्के झाल्यावरच, आणि ‘बंद’ द्यायचा तो कॉन्टॅक्ट पूर्ण करंट घेण्याच्या जागी पोचल्यावरच. कमिशनिंगला हे सावकाश क्रँकने फिरवून तपासा. मोटरने फिरवलं तर कुठे सिग्नल पलटला ते डोळ्याला टिपता येत नाही.

मोटरवाला असेल तर काम करताना मोटरचा एमसीबी पाडून पेटीला कुलूप, हे वेगळं सांगायला नको. कंट्रोल रूममधून कुणीही बटण दाबू शकतं.

यार्डातली_नवी

दोन दिवसांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

टेस्टिंग_बेंच यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही टोकं वेगळी मापली. आर फेजला ब्रेकरच्या बाजूचा कॉन्टॅक्ट २९, लाइनच्या बाजूचा ११३. मग पर्मिट घेऊन, तपासून, अर्थ लावून ओळंबा सोडला. आरच्या लाइनच्या बाजूच्या पोस्टचं डोकं ७ मिलिमीटर झुकलेलं, जंपर ज्या दिशेला जातो बरोबर त्याच दिशेला. क्लॅम्प सैल केला तर ५ मिलिमीटर परत आलं. उरलेले २ का आले नाहीत ते फिटरकाकांनी शोधून काढलं: पोस्टच्या बेसखालची एक शिम ओढीने अर्धी बाहेर सरकली होती. ती त्यांनी स्वतः नीट बसवली. काकांना मी पाइपाचं आणि डेड सेंटरचं समजावून सांगायला लागले तर ते म्हणाले, डेड सेंटर मला माहीत आहे, पण जंपरनंतर ओळंबा कुणी कधी लावायला सांगितला नव्हता. आता ते दुसऱ्या बेच्या पोस्टनाही लावतायत.

नवा जंपर आधीपेक्षा हातभर लांब कापला, झोळ दिला. तिन्ही ब्लेड पुन्हा एकदम लागतात, हँडल हलकं आहे. आकडे आता आर ६२, वाय ६१, बी ६४.

टँडमच्या क्लॅम्पच्या पिना खरंच पिशवीत होत्या. सहाच्या सहा. आज मारल्या.

आणि हँडलच्या जागेवरून बीचा ब्लेड आमच्याकडेही दिसत नाही, पीटीचं (व्होल्टेज मापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) स्ट्रक्चर मध्ये येतं. यार्डात फिरून अशी एक जागा शोधली की जिथून तिन्ही फेजचे सहाही कॉन्टॅक्ट स्वच्छ दिसतात. केबल ट्रेंचच्या झाकणाजवळ आहे. तिथे काँक्रीटवर पिवळ्या रंगाने चौकोन काढला आणि पेटीच्या दारावर आतून लिहिलं की चालवल्यावर त्या चौकोनात उभं राहून तिन्ही ब्लेड बघायचे, मगच कुलूप. साहेबांनी विचारलं हे काय, मी सांगितलं, त्यांनी बाकीच्या बेसाठीही असे चौकोन काढायला सांगितले.

एक राहिलं. चार्ज केल्यावर पुन्हा कधी बघायचं?

जुना_मेंटेनन्स

ताई, चौकोन वाचून फार बरं वाटलं. सहा पिना वाचून अंगावर काटा आला.

लोड आला की पहिल्या पंधरा दिवसांत थर्मोव्हिजन (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) करा. लोड निम्म्याच्या आसपास तरी असू द्या, थोड्या लोडवर काही दिसत नाही. तापमानवाढ साधारण करंटच्या वर्गाच्या जवळपास चालते, त्यामुळे निम्म्या लोडवर एखादा कॉन्टॅक्ट शेजाऱ्यापेक्षा १० अंश जास्त दिसला तर पूर्ण लोडवर तो फरक ४० च्या घरात जाऊ शकतो. फेजची फेजशी तुलना करा, एकट्या आकड्यावर जाऊ नका. चकचकीत ॲल्युमिनियम कॅमेऱ्याला खोटं थंड दाखवतं, म्हणून क्लॅम्पवरचा जुनाट, मळका भाग बघा.

पुढचा शटडाऊन मिळेल तेव्हा क्लॅम्पचा टॉर्क, पिना, ओळंबा, आणि कॉन्टॅक्टचे सहा आकडे. ६२, ६१, ६४ हे आजचे आकडे तारखेसह त्याच दारावर आतून लिहून ठेवा, कागदावर नको, कागद हरवतात. दहा वर्षांनी जो कोणी ती पेटी उघडेल त्याला कळायला हवं की हा आयसोलेटर नवा असताना किती होता.

टेस्टिंग_बेंच

आणि त्याच ओळीत मापताना किती अँपिअर सोडले होते तेही लिहा. नाहीतर पुढचा माणूस १० अँपिअरने मापेल आणि आकडा जुळत नाही म्हणून चांगला कॉन्टॅक्ट उघडून बसेल.